इलिश, चिंगडी आणि एक बर्गी

डर्बी बघायला कलकत्त्याला जायचं असेल, तर ऑगस्टात जावं. पाऊस असतो, गल्ल्यांत पाणी साचतं, घामानं सदरा अंगाला चिकटतो, हे सगळं खरं. पण बाजारात इलिश मासा आलेला असतो, आणि इलिश नसला तर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या भांडणाला चव येत नाही.

फुटबॉलसाठी एवढ्या लांब कशाला, असं पेठेत मला सगळ्यांनी विचारलं. प्रश्न बरोबरच होता. शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठेची पाटाकडील तालीम आणि शिवाजी पेठेचं शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की कोल्हापुरात दुसरा विषय नसतो. आरोळ्या, शिट्ट्या, ‘नाद करायचा न्हाई’ हे सगळं मी लहानपणापासून ऐकलंय. सामना संपल्यावर उडालेले दगडही पाहिलेत. म्हणूनच मला कलकत्ता बघायचं होतं. शंभर वर्षांचं वैर तिथली माणसं रोजच्या जेवणाच्या ताटावर कसं सांभाळतात, ते जवळून ऐकायचं होतं.

बोलावणं होतं श्यामबाजारच्या दादांचं. बँकेच्या बदलीनं त्यांनी कोल्हापुरात काही वर्षं काढली होती. शिवाजी पेठेत भाड्यानं राहिले, गॅलरीत आमच्याबरोबर बसले आणि जाताना ‘भावा’ हा शब्द कायमचा घेऊन गेले. 12 ऑगस्ट 2023 ला साल्ट लेकच्या मैदानावर ड्युरँड कपमधली डर्बी होती. पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस धरली. नागपूर, रायपूर, बिलासपूर मागे पडत गेलं, टाटानगरनंतर डब्यात बंगाली बोलणं वाढलं, आणि खरगपूरला मोहन बागानचा हिरव्या-मरून रंगाचा झेंडा काठीला गुंडाळून दोन पोरं चढली. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी झेंड्याकडे पाहून तोंड फिरवलं आणि थोड्या वेळानं त्याच पोरांना डब्यातली मुरी, म्हणजे चुरमुरे, दिली. तेवढ्यानं माझा प्रवास सार्थकी लागायला सुरुवात झाली.

हावड्याला उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. दादा फलाटावरच उभे. “काय भावा, बर्गी पोचला का?”

बर्गी म्हणजे आपले बारगीर. नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली 1742 साली बंगालात शिरली आणि पुढची काही वर्षं त्या मुलखानं लूट सोसली. बाळाला झोपवताना बर्गीची भीती घालणारं गाणं बंगाल्यांच्या घराघरांत आहे. मराठ्यांना अडवायला कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला होता. तो पुरा झाला नाही, पण बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. दादांनी टॅक्सी आधी तिकडेच वळवली. “हे तुझ्या पूर्वजांसाठी. आता माझ्या पूर्वजांकडे चल.”

त्यांचे पूर्वज म्हणजे मोहन बागान लेन. 15 ऑगस्ट 1889 ला याच उत्तर कलकत्त्यात क्लब सुरू झाला. दादांनी 29 जुलै 1911 चा सामना मला भर रस्त्यात, समोरून ट्रामचा आवाज येत असताना सांगितला. आयएफए शील्डची अंतिम लढत, समोर बूट घातलेली ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट, इकडे दहा जण अनवाणी आणि एकटे सुधीर चॅटर्जी बूट घालून. आधी गोऱ्यांचा गोल. मग कर्णधार शिबदास भादुडीनं बरोबरी केली आणि अभिलाष घोषनं दुसरा गोल मारून सामना 2-1 जिंकला. सांगताना दादांचा उजवा पाय आपोआप हलत होता. जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट माणूस इतकी आपली मानून सांगतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

दुपारी बिजयगडकर आले. दादांच्याच शाखेत समोरच्या टेबलावर बरीच वर्षं नोकरी केलेले, आणि निवृत्तीनंतर रोज फोनवर भांडणारे. दादा घोटी, म्हणजे पश्चिम बंगालचे मूळचे, मोहन बागानचे. बिजयगडकर बांगाल, म्हणजे पूर्व बंगालचे मूळचे, घराणं बरिशालचं, ईस्ट बंगालचे. चप्पल काढायच्या आतच बौदींना, म्हणजे वहिनींना, हाक मारून सुरुवात झाली.

“बौदी, चहात साखर किती? घोटींच्या घरी डाळीत चार चमचे, म्हणजे चहात दहा असणार.”

“याच्या कपात मिरची टाक गं,” दादा आतल्या बाजूला ओरडले. “आणि खिडक्या उघड. शुटकीचा वास आला.”

शुटकी म्हणजे सुकी मासळी. कोल्हापुरातही सुकट-बोंबील भाकरीबरोबर आवडीनं खातात, असं मी म्हणालो, तर बिजयगडकरांनी मला मिठी मारली. “बघ! बर्गी आमच्या बाजूचा निघाला!”

मग भाषा निघाली. उत्तर कलकत्त्याचे जुने घोटी लुचीला ‘नुची’ म्हणतात, लेबूला ‘नेबू’. बिजयगडकर नाकात बोलून त्याची नक्कल करतात. दादा लगेच बांगाल बोली काढतात: ‘खाइसि’, ‘गेसि’, आणि होकाराला नुसता ‘ह’. “माणूस बोलतोय की दम लागलाय, कळत नाही,” दादा म्हणाले. मीही सांगितलं की आम्हाला पुण्यात ‘हाय’ आणि ‘न्हाई’वरून असंच ऐकायला लागतं. दोघांनी एकदमच विचारलं, “मग तुम्ही काय म्हणता?” मी आमची कोल्हापुरी आरोळी दिली, “आबा घुमिव.” अर्थ समजावायला वेळ गेला, पण संध्याकाळपर्यंत दोघांच्याही तोंडी ते बसलं.

गॅलरीतल्या शिव्यांची यादी मात्र त्यांनी जपून उघडली. मोहन बागानवाल्याला ‘माचा’, ईस्ट बंगालवाल्याला ‘लोटा’. माचा हा बांबूच्या मचाणावरून आला असं सांगतात. लोट्याचं सांगतात ते जड आहे: फाळणीनंतर पलीकडून आलेल्या माणसाच्या हातात तेवढाच उरला होता. बिजयगडकर स्वतःच हे हसून सांगत होते. “लोटा तर लोटा. त्याच लोट्यानं यांना पाच वेळा पाणी पाजलं.” आणि त्यांनी पंजा उघडून दादांसमोर धरला. 30 सप्टेंबर 1975, शील्डची अंतिम लढत, ईस्ट बंगाल 5, मोहन बागान 0. कलकत्त्यात त्या उघड्या पंज्याला शब्दांची गरज लागत नाही.

दादांकडे उत्तर होतं: 2009 ची 5-3, चिडी एडेचे चार गोल. पण बिजयगडकरांनी हुकमाचं पान राखून ठेवलेलं. “सकाळी दाखवलीस ना याला 1911 ची गल्ली? त्या अकरांतले कितीतरी जण मूळचे आमच्या पूर्व बंगालचे. शिबदाससुद्धा. शील्ड आम्हीच जिंकून दिली तुम्हाला.” दादा यावर फक्त चहा ओततात. हा वाद कधीच संपत नाही, असं बौदींनी मला हळूच सांगितलं.

ईस्ट बंगालचा जन्मही रागातूनच झालेला. 1920 साली जोडाबागान क्लबनं मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस या खेळाडूला बाहेर बसवलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी चिडून बाहेर पडले, आणि 1 ऑगस्टला नवा क्लब उभा राहिला. 28 मे 1925 च्या पहिल्या डर्बीत त्यांनी मोहन बागानला 1-0 हरवलं. फाळणीनंतर शियालदहच्या फलाटांवर संसार मांडलेल्या, पुढे जादवपूर-बिजयगडच्या वसाहतींत जमिनी धरून राहिलेल्या लाखो निर्वासितांना या शहरात ‘आपलं’ म्हणता येईल असं फार थोडं होतं. लाल-पिवळी जर्सी त्यांतली एक. या वैराची मुळं इतकी खोल का, ते मला बिजयगडच्या गल्ल्यांत कळलं. तिथल्या कितीतरी घरांत सोडून आलेल्या गावाचं नाव अजून रोजच्या बोलण्यात असतं.

म्हणूनच एका शब्दावर दादा थांबले. हल्ली काही पोरं ईस्ट बंगालवाल्यांना ‘कांटातार’ म्हणतात, म्हणजे सीमेवरचं काटेरी कुंपण. “हा शब्द माझ्या घरात चालत नाही,” दादा म्हणाले. “याच्या वडिलांनी ते सगळं पायी ओलांडलंय.” बिजयगडकर काही बोलले नाहीत, दादांच्या बशीतलं बिस्किट उचलून खाल्लं. आणि बिजयगडकरांचंही एक पथ्य आहे. 1975 च्या त्या पराभवानंतर मोहन बागानच्या एका तरुण समर्थकानं जीव दिला होता. पंजा ते दाखवतात, पण त्याच्यापुढं जाऊन त्या रात्रीबद्दल कुणी हसलं तर उठून जातात. चिडवण्याच्या या मर्यादा कुणी कागदावर लिहून दिलेल्या नाहीत. दोघांनी इतकी वर्षं एकमेकांसमोर बसून त्या ठरवल्या, आणि मला या अख्ख्या प्रवासात सगळ्यांत आदर वाटला तो याचा.

शनिवारी आम्ही शियालदहहून मेट्रो धरली. डब्यात दोन्ही रंग, दोन्ही घोषणा. बाहेर मॅटाडोर गाड्यांवर उभी राहिलेली पोरं, कुठं ईस्ट बंगालची मशाल, कुठं मोहन बागानची शिडाची होडी. मी कुठं बसायचं हे दादांनी आधीच ठरवलं होतं. “तू याच्याबरोबर बस. आज याला रडायला खांदा लागेल.” मोहन बागाननं लागोपाठ आठ डर्बी जिंकल्या होत्या, जानेवारी 2019 नंतर ईस्ट बंगालला विजय माहीत नव्हता. दादांना असं बोलायचा हक्क होता.

साल्ट लेकचं हे मैदान अवाढव्य आहे. 13 जुलै 1997 ला इथंच फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला 1,31,781 माणसं होती. त्याआधी मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी समोरच्या संघाची चेष्टा केली होती. ओमोलोला ऑम्लेट म्हणाले, सोसोला ‘शोशा’, म्हणजे काकडी. उत्तर भाईचुंग भुतियानं तीन गोल मारून दिलं, ईस्ट बंगाल 4-1. बिजयगडकरांनी पायऱ्या चढताना हे मला सांगितलं, आणि आमच्या मागचा एक मुलगा मधेच अडवून गोलांचा क्रम बरोबर आहे का ते तपासून गेला. तेव्हा तो जन्मलाही नसेल.

उत्तरार्धात, साठाव्या मिनिटाला, नंदकुमार शेखरनं उजवीकडून चेंडू आत घेतला आणि डाव्या पायानं वळवून जाळ्यात टाकला. माझ्या कानात त्यानंतर काही वेळ नुसती गाज होती. बिजयगडकर ओरडले नाहीत. खाली बसले आणि रडले. खांदा लागला तो खरोखरच लागला. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा फळ्यावर 1-0 तसंच होतं, आणि आजूबाजूच्या अनोळखी माणसांनी मलाही उचलून धरलं.

दादा ठरल्या जागी, मेट्रोच्या दाराशी उभे होते. “आबा घुमिव,” ते मित्राला म्हणाले.

हरलेल्यानं जिंकलेल्याचा मासा आणायचा, हा त्या दोघांचा नेम. ईस्ट बंगाल जिंकलं तर इलिश, मोहन बागान जिंकलं तर गलदा चिंगडी, म्हणजे मोठी कोळंबी. रविवारी सकाळी दादा मला घेऊन माणिकतल्याच्या बाजारात गेले. इलिश चढ्या भावात होता, आणि डर्बीनंतर तो असायचाच. मासेवाल्यानं दादांचा चेहरा पाहिला आणि न विचारता सगळ्यांत मोठा तोलायला घेतला. बौदींनी मोहरीच्या वाटणात शिजवला. बिजयगडकर एकेक काटा काढत म्हणाले, “छान आहे. पद्मेचा असता तर आणखी छान असता.” दादा म्हणाले, “तुला गंगा पचली एवढं पुष्कळ. आणि चिंगडीला पोका म्हणणाऱ्यानं चवीबद्दल बोलू नये.” पोका म्हणजे किडा, बांगाल चिंगडीला मासा मानायलाच तयार नसतात. मी दोन तुकडे जास्त खाल्ले. बर्गीची वहिवाट, असं दादांनी जाहीर केलं.

तीन आठवड्यांनी, 3 सप्टेंबरला, त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दिमित्री पेट्राटोसच्या गोलनं मोहन बागान 1-0 जिंकलं. दहा खेळाडूंनिशी. रात्री बिजयगडकरांचा फोन आला तेव्हा ते चिंगडीचा भाव सांगत होते.

आणखी एक तारीख सांगायला हवी. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवरच्या डर्बीत मारामारी आणि चेंगराचेंगरी होऊन 16 जण गेले. त्या दिवशी आता कलकत्त्यात फुटबॉलप्रेमी रक्तदान करतात. आणि ऑगस्ट 2024 मध्ये, आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीच्या हत्येनंतर डर्बी रद्द झाली, तेव्हा मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन या क्लबांचे समर्थक मैदानाबाहेर एकत्र उभे राहिले, लाठ्या खाल्ल्या. वर्षानुवर्षं एकमेकांना ‘माचा’ आणि ‘लोटा’ म्हणणाऱ्यांनी तिथं एकमेकांना खांद्यावर घेतलं.

शिवाजी पेठेतल्या आणि मंगळवार पेठेतल्या भावांनो, आरोळी कमी करू नका, चिडवणंही सोडू नका. फक्त पुढच्या हंगामात अंतिम सामना झाला की हरलेल्या पेठेनं जिंकलेल्या पेठेला घरी बोलावून तांबडा-पांढरा रस्सा वाढा. एकदा करून बघा. पहिल्या वर्षीचं मटण माझ्याकडून.