आजोबांच्या पेटीची हकीकत

मिरज,
श्रावण शुद्ध पंचमी

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. आजोबांच्या खोलीतील ती चार व्हॉल्व्हची जड पेटी आणि तिच्यासोबतचे चौकोनी हेडफोन आइंटहोवनला नेण्याची तुझी इच्छा वाचून मला अतिशय संतोष झाला. मात्र ते जिन्नस तुझ्या हवाली करण्यापूर्वी त्यांची हकीकत तुला तपशीलवार सांगणे अगत्याचे वाटते, कारण ती पेटी निव्वळ हौसेपोटी झालेली नसून एका व्रतस्थ श्रोत्याच्या मागणीसाठी झालेली आहे.

अखेरच्या वर्षांत आजोबांना अंथरूण सुटेना. मैफलीस जाणे दूरच राहिले, उशाशी ठेवलेला तंबोरा जुळवण्याचेही बळ बोटांत उरले नाही. म्हणून मी त्यांना बऱ्यापैकी किमतीचे हेडफोन आणून दिले आणि किशोरीताई आमोणकरांचा भूप लावला. थोडा वेळ ऐकून त्यांनी ते काढून ठेवले आणि विचारले, "बाई गातात ते ऐकू येते रे, पण तंबोरा कुठे गेला?"

ज्या गावात सतारमेकरांच्या गल्लीतून जाता-येता जवारी कानावर पडते, त्या गावात जन्म काढलेल्या माणसाचा हा प्रश्न होता. तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, एक बारीक दोरा सरकवलेला असतो. तो नेमक्या जागी आला की तार घोडीला हलकेच चाटत कंप पावते आणि मूळ स्वरामागून त्याचे उपस्वर उमलू लागतात, हीच जवारी. खर्जाच्या तारेतून, मूळ कंपनसंख्येच्या पाचपट असा, जो स्वयंभू गंधार निघतो, तो हार्मोनियमच्या गंधाराहून किंचित उतरलेला असतो. आणि भूपाचा वादी स्वर गंधारच असल्यामुळे, गायिका त्यावर स्थिरावते तेव्हा तिचा गंधार तंबोऱ्याच्या गंधारात मिळाला की नाही, यातच आजोबांच्या मते त्या रागाचे सारे सौंदर्य साठवलेले होते. तंबोराच पुसट झाला, तर हे मीलन ऐकावे कसे?

तंबोरा पुसट होण्याचे कारण मला हेडफोनच्या रचनेत दिसले. साध्या हेडफोनच्या पडद्याला तांब्याच्या तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते ओझे वाहूनच त्याला हलावे लागते. स्थिरविद्युत् पद्धतीच्या हेडफोनमध्ये दीड-दोन मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा पडदा, ज्यावर स्थिर विद्युद्भार ठेवलेला असतो, सच्छिद्र अशा दोन स्थिर पत्र्यांच्या मध्ये ताणून बसवलेला असतो. त्या पत्र्यांवर गाण्याचा विद्युत्संदेश परस्परविरुद्ध कलांत आला की एक पत्रा पडद्याला ओढतो, दुसरा ढकलतो, आणि सबंध पडदा एकसारखा हालतो. पीटर वॉकर यांच्या 'क्वाड' कंपनीने १९५७ साली याच तत्त्वावरचा मोठा ध्वनिक्षेपक बाजारात आणला होता. हेडफोनच्या बाबतीत १९३८ साली स्थापन झालेल्या जपानच्या 'स्टॅक्स'ने १९६० पासून हे व्रत चालवले आहे. आपला जोड त्याच कंपनीचा, 'लॅम्ब्डा प्रो', जुना विकत घेतलेला.

अडचण अशी की, त्याला नित्याचा अॅम्प्लिफायर चालत नाही. पडद्याच्या भारासाठी ५८० व्होल्टचा दाब लागतो, आणि भरघोस आवाजासाठी पत्र्यांवर अदमासे १०० व्होल्टचा संदेश पोचवावा लागतो, जेथे साध्या हेडफोनचे काम एक-दोन व्होल्टांत भागते. कंपनीचा अॅम्प्लिफायर घेण्याची ऐपत नव्हती. सबब हौशी तज्ज्ञांनी मुक्तहस्ते प्रसिद्ध केलेला एक आराखडा मी हाती घेतला, ट्रान्सफॉर्मर सांगलीत वाइंड करून घेतला आणि उरलेल्या सामानासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकाने पालथी घातली. त्यातले 'ई एल ३४' हे व्हॉल्व्ह म्हणजे, तू आज जिथे शिकतेस त्या गावच्या फिलिप्स घराण्याचे १९५० च्या दशकातील अपत्य.

पेटी सुरू झाली त्या रात्री मी पुन्हा तोच भूप लावला. तर्जनीचा मांसल स्पर्श तारेला झाल्याचे आधी कळे, मग क्षणभराने त्या तारेतून जवारी फुटे, आणि ती विरते न विरते तोच पुढची तार बोलू लागे. चारही तारा सुट्या, तरीही एकजीव. आलापापूर्वी घेतलेला श्वास, तबल्याच्या चाटेवरचा टणत्कार, सारे डोक्याच्या आत कोंडून न राहता कानांबाहेर मोकळे पसरलेले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातील तबकड्यांवरील खरखर नाहीशी झाली नाही, उलट अधिक स्पष्ट झाली. पण ती गळ्यापासून इतकी अलग पडली की तिचा उपद्रव वाटेना. डग्ग्याची घुमक मात्र यात छातीशी येऊन भिडत नाही. हे न्यून मी मान्य करतो आणि तरीही हाच जोड श्रेष्ठ मानतो. आजोबांनी डोळे मिटून गंधार येईपर्यंत ऐकले, उजव्या हाताचे बोट किंचित उचलले आणि म्हणाले, "मिळाला." पुढे जवळजवळ दररोज सायंकाळी ती पेटी त्यांच्यासाठी लागत असे.

आता व्यवहाराचे. तिकडेही दाब २३० व्होल्ट आणि आवर्तने ५० च असल्याने ट्रान्सफॉर्मर बदलणे नको. फक्त प्लग तिकडचा, अर्थिंगसकट, जाणकाराकडून बसवून घे. पडद्याचा भार प्रचंड रोधातून येत असल्याने त्यातून वाहणारा प्रवाह नगण्य असतो, परंतु पेटीच्या आतील ४०० व्होल्ट प्राणघातक आहेत आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरांत काही काळ टिकून राहतात. तेव्हा झाकण स्वतः उघडू नकोस. हेडफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेव, कारण दमट हवेत पडद्याचा भार गळतो आणि एक बाजू मंदावते, हा अनुभव आपण येथे दर पावसाळ्यात घेतो. ऐकण्यापूर्वी व्हॉल्व्ह अर्धा तास तापू दे. चार व्हॉल्व्ह शिलकीत आहेत, तेही कापसात गुंडाळून सोबत देतो.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका