राजाने फोन बंद केले, तेव्हा...

काठमांडूला निघाले तेव्हा डोक्यात थामेलचं शॉपिंग, मोमो आणि पशुपतिनाथ एवढंच होतं. राजवाडा लिस्टमध्ये नव्हताच! पण शेवटच्या दिवशी हाताशी दोन तास होते, आणि दरबार मार्गाच्या टोकाला नारायणहिटी समोरच उभा.

गेटवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवायला लावला. ऑफिसचा मेल यायचा होता, त्यामुळे अगदी जिवावर आलं. आत पेंढा भरलेले वाघ, भलंमोठं झुंबर, सिंहासन. या थाटामुळेच लोक चिडले असतील, असं आपण म्हणून टाकतो. पण थाट काय, २४० वर्षं होताच की!

मागे त्रिभुवन सदनाचा फक्त पाया उरलाय. १ जून २००१ च्या रात्री राजे बीरेंद्र आणि त्यांच्या कुटुंबावर इथेच गोळ्या झाडल्या गेल्या. चौकशीत युवराज दीपेंद्र यांचं नाव आलं, पण अनेकांना ते कधी पटलंच नाही. नवे राजे ज्ञानेंद्र गादीवर आले ते हा संशय पाठीशी घेऊनच. तरी गादी टिकली.

मग १ फेब्रुवारी २००५ ला त्यांनी सरकार बरखास्त केलं आणि सगळी सत्ता हातात घेतली. नेते नजरकैदेत, फोन-इंटरनेट बंद, एफएमवर बातम्यांना बंदी. कारण दिलं १९९६ पासून चाललेल्या माओवादी युद्धाचं. मला वाटतं, चूक झाली ती इथे. तोवर काही बिनसलं की लोक शिव्या घालायचे पंतप्रधानांना. आता राजा आणि जनता यांच्यामध्ये कुणी उरलंच नाही. एकमेकांचे वैरी असलेले सात पक्ष आणि माओवादी नोव्हेंबर २००५ मध्ये एकत्र आले, ते त्यामुळेच.

एअरपोर्टला जाताना रिंग रोड लागला. २००६ च्या एप्रिलमध्ये आतल्या शहरात कर्फ्यू होता, म्हणून लोक याच रस्त्यावर जमायचे. टॅक्सीवाले दाईही त्यात होते. राजकारणात इंटरेस्ट होता का, विचारलं. हसले. म्हणाले, "छे! पण त्या फेब्रुवारीत आई गावी आजारी होती आणि फोनच लागेना. तोवर राजा काय करतो, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं."

१९ दिवसांनी, २४ एप्रिलला राजाने संसद परत बोलावली. पण उशीर झाला होता. २८ मे २००८ ला संविधान सभेत ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपली.

गंमत म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये प्रजासत्ताकाच्या सरकारनेही सोशल मीडियावर बंदी घातली. भ्रष्टाचारावर आधीच भडकलेली तरुण मुलं रस्त्यावर आली, अनेकांचे जीव गेले, आणि पंतप्रधानांना जावं लागलं. फोन बंद केल्याने राग बंद होत नाही, हे खुर्ची बदलली तरी कुणी शिकलं नव्हतं.

एअरपोर्टवर पोचल्यावर ऑफिसचा मेल आलेला दिसला. तो तसाच ठेवला आणि आधी आईला फोन लावला.

जाणार असाल तर : भारतीयांना व्हिसा लागत नाही; पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. नारायणहिटीसाठी दोन तास राखून ठेवा. आणि हो, मोबाइल बाहेरच!