पेणच्या ठेवी आणि पार्सलचा फोन

ती. आत्यास,


शेजारच्या गुरुजींची हकिगत तू फोनवर सांगितलीस. व्हिडिओवर गणवेशातला 'पोलिस', मुंबईत पकडलेलं पार्सल, दार लावून बसायचा हुकूम. तू दार ठोठावलंस म्हणून पैसे वाचले. पण "एवढा शिकलेला माणूस फसतो कसा?" हे तू पेणच्या रामवाडीत बसून विचारावं, याचं नवल वाटलं.

पेण अर्बन बँकेचे ठेवीदार काही अडाणी नव्हते. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि जवळपास दोन लाख लोकांचे पैसे अडकले. त्यांत गणपतीच्या कारखान्यांतले कारागीर होते, फंडाची रक्कम ठेवलेले निवृत्त नोकरदार होते, मुलीच्या लग्नासाठी पै-पै जमवणारे आईबाप होते. त्यांनी कुणाला पिन सांगितला नव्हता की ओटीपी दिला नव्हता. पासबुकात व्याज वेळच्या वेळी छापून येत होतं, काउंटरपलीकडचा माणूस ओळखीचा होता. घोटाळा झाला तो आत, बोगस कर्जखात्यांत, आणि तो पाचशे कोटींच्या पुढे गेला. दप्तर तपासणं हे ठेवीदाराचं काम नव्हतंच. ज्यांचं होतं, त्यांना वर्षानुवर्षं काही दिसलं नाही! २०१४ मध्ये बँकेचा परवाना रद्द झाला. मोर्चे, धरणी आणि कोर्टाच्या तारखा ठेवीदारांच्या वाट्याला आल्या. पुढे २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर निघाला. बुडत्या ४४ कर्जखात्यांवर पांघरूण घालायला २१,०४९ बनावट खाती उभी केली होती. तिथले बरेच ठेवीदार मुंबईचे, चांगले शिकलेले.

आता गुरुजींसारख्यांना घरबसल्या गाठणाऱ्या फसवणुकीकडे वळू. तिची सुरुवात नको असलेल्या पत्रांपासून, आणि ती कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची. देवाच्या नावाने येणारी पोस्टकार्डं तुला आठवत असतील. हे कार्ड लिहून इतक्या जणांना पाठवा, अमक्याला लॉटरी लागली, तमक्याने कार्ड फाडलं तर त्याचा मुलगा आजारी पडला. आजी चिडायची, आणि तरी गुपचूप कुणाकडून तरी लिहून घ्यायची. कार्ड स्वस्त, पण हात दुखायचा, म्हणून त्या लाटेला मर्यादा होती. ती मर्यादा ३ मे १९७८ रोजी गेली. गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या कॉम्प्युटरची जाहिरात अमेरिकेतल्या आर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे चारशे लोकांना एका फटक्यात पाठवली. लोक संतापले, त्याला तंबी मिळाली. पण एकाला पाठवायला लागणारे श्रम आणि चारशेंना पाठवायला लागणारे श्रम जवळपास सारखेच, हे हळूहळू सगळ्यांना कळलं. लाखातला एक जरी अडकला तरी धंदा फायद्यात, एवढं साधं गणित त्यामागे आहे.

गुरुजींना आलेल्या फोनची तालीम तर आपल्या जवळच, मीरा रोडला झाली म्हणायला हरकत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून अधिक जणांची चौकशी केली. आपल्याकडची तरुण मुलं अमेरिकी नावं घेऊन, अमेरिकी उच्चारात तिथल्या लोकांना फोन लावायची: "आम्ही आयकर खात्यातून बोलतोय, कर थकलाय, आत्ता भरा, नाहीतर अटक." पैसे गिफ्ट कार्डावर घ्यायचे. अटकेचा धाक, घाई, आणि फोन ठेवायचा नाही ही ताकीद, सगळा मसुदा तयार होता. आज फक्त अमेरिकी आयकराच्या जागी सीबीआय आणि कस्टम आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मधून सांगावं लागलं, की 'डिजिटल अटक' असं काही कायद्यात नाहीच.

यातला एक भाग फार वाईट आहे. कंबोडियात आणि म्यानमारच्या सीमेवर कुंपण घातलेल्या वसाहती आहेत. चांगल्या नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेली भारतीय मुलं तिथे पासपोर्ट काढून घेऊन डांबली जातात आणि त्यांच्याकडून हेच फोन करवून घेतले जातात. म्हणजे पलीकडचा तो 'साहेब' स्वतःच फसलेला असू शकतो.

पुढे चेहऱ्यावरही भरवसा ठेवता येणार नाही. २०२४ च्या सुरुवातीला अरूप या ब्रिटिश कंपनीच्या हाँगकाँगमधल्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांना आणि सहकाऱ्यांना पाहिलं, त्यांचे आवाज ऐकले आणि २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. त्या बैठकीतली बाकी सगळी माणसं यंत्राने बनवलेली होती. अशा वेळी गुरुजींना 'सावध राहा'चा संदेश पाठवणं मला जरा उद्धटपणाचंच वाटतं.

खरं तर सावध राहायला हवं ते बँकांनी. पैसे कुठल्यातरी खात्यात जातात आणि ते खातं कुणीतरी, कागदपत्रं बघून, उघडून दिलेलं असतं. बऱ्याचदा ते थोड्याशा मोबदल्यात भाड्याने घेतलेलं असतं. १९३० या सरकारी मदत क्रमांकावर लगेच फोन केला तर पैसे वाटेत अडवता येऊ शकतात, म्हणून तो क्रमांक तुझ्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेव. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमाप्रमाणे बाहेरच्या चोराने परस्पर पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला तोशीस नाही. पण धाकाने का होईना, स्वतःच्या हाताने पाठवले तर त्या संरक्षणाचा आधार मिळत नाही. ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ पासून उलट केलं. फसवून पाठवायला लावलेले पैसेही ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यायचे, आणि भुर्दंड दोन्ही बँकांनी निम्मा-निम्मा सोसायचा: ज्या बँकेतून पैसे निघाले तिने आणि ज्या बँकेने चोराचं खातं उघडलं तिनेही.

आपल्याकडे हे कधी होईल ते बघू.  

तुझा,
अविनाश