तांबडा ठिपका

आमच्या अहमदपूरच्या घरात लाईट गेली की सगळं काळं व्हायचं, फक्त टीव्हीखालच्या फळीवर एक तांबडा ठिपका उरायचा. माय अंगणात बाजेवर बसून दर पाच मिनिटांनी मान वळवायची आणि खिडकीतून तो ठिपका बघायची. ठिपका आहे म्हणजे मालिका उतरायलीय. मग ती निवांतपणे शेंगा फोडायला घ्यायची.

हे २००८-०९ सालचं. भारनियमनाचं वेळापत्रक तेव्हा पेपरात छापून यायचं आणि आमच्याकडं ते कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेलं असायचं. संध्याकाळची पाळी आली की नेमकी मालिकांची वेळ जायची. मी नांदेडला नोकरीला. शनिवारी घरी आलो की आठवडाभरात कुठल्या मालिकेचा कुठला भाग बुडाला याचा हिशेब माय मला भिशीच्या हिशेबासारखा द्यायची. त्याच सुमारास रेकॉर्डिंगवाले डीटीएच बॉक्स बाजारात आले होते. टाटा स्कायनं २००८ मध्ये ‘प्लस’ काढला, मग एकेक करून बाकीच्यांनीही काढले. आत कॉम्प्युटरसारखी हार्डडिस्क, चालू कार्यक्रम थांबवायचा, मागं न्यायचा, साठवायचा. साध्या बॉक्सपेक्षा किंमत कितीतरी जास्त. पण मी तो घेतला, आणि त्यामागं एक जुनं देणं होतं. ते पुढं सांगतो.

लातूरहून दोन पोरं बसवायला आली. स्लॅबवर छत्री ठोकली आणि तिथून एक सोडून दोन वायरी खाली सोडल्या. मायनं विचारलं, दोन कशाला? पोरगा म्हणाला, “एक चॅनेल बघायचं, त्याच वेळी दुसरं साठवायचं. दोन्हीला वेगळी वायर लागते, मावशी.”

“म्हंजे एक कैरी आत्ता खायला, एक लोणच्याला,” माय म्हणाली. डिजिटल रेकॉर्डरची याहून सोपी व्याख्या मला अजून कुठल्या माहितीपत्रकात सापडलेली नाही.

अडचण पहिल्याच आठवड्यात कळली. लाईट गेली की डबाही बंद. ज्या संकटासाठी आणला, त्याच संकटात तो झोपायचा! मग अण्णांनी इन्व्हर्टरची एक वायर डब्याला दिली. टीव्हीला नाही. आमचा जुना एकवीस इंची, पाठीला पोक असलेला टीव्ही बॅटरी खाऊन टाकतो असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते बरोबरही असावं. म्हणून टीव्ही काळा आणि डबा चालू, अशी ती गंमत. लाईटवरून इन्व्हर्टरवर जाताना डबा एकदा मान टाकून पुन्हा उठायचा, त्यामुळं एका भागाचे दोन तुकडे पडायचे आणि मधली दोन-चार मिनिटं गळायची. मायची त्याला हरकत नव्हती. “तेवढ्यात कोण मरत न्हाई मालिकेत,” म्हणायची.

आता ते देणं.

१९९० च्या आसपास अण्णांनी आखातातून परतलेल्या एका शेजाऱ्याकडून व्हीसीआर विकत घेतला. गावात भाड्यानं मिळायचे ते बहुतेक व्हीसीपी, म्हणजे नुसते दाखवणारे. गणपतीत मंडळाची पोरं टीव्हीसकट एक व्हीसीपी आणायची आणि पहाटेपर्यंत तीन पिक्चर व्हायचे. तिसऱ्याला निम्मी गल्ली सतरंजीवर घोरत असायची, पण पैसे तीनचे दिलेत म्हणून कॅसेट चालूच. आमचा मात्र व्हीसीआर, उतरवून घेणारा. ‘महाभारत’ तोवर संपत आलं होतं, त्याचे शेवटचे चार-पाच रविवार अण्णांनी उतरवून ठेवले. चित्रात पावसासारख्या रेघा यायला लागल्या की हेडवर घाण बसली समजायचं. मग झाकण उघडून, फडक्याला स्पिरिट लावून, त्या चकचकीत नळकांड्याला हलक्या हातानं पुसायचं. त्या वेळी अण्णांचा चेहरा देवपूजेला बसल्यासारखा असायचा आणि आम्हाला खोकायचीही बंदी.

१९९५ च्या उन्हाळ्यात अक्काचं लग्न झालं. व्हिडिओ शूटिंग झालं, दोन कॅसेट घरात आल्या. आणि ९ मार्च १९९६ ला बंगळूरला भारत-पाकिस्तान, वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल. मला ती मॅच हवी होती आणि कोरी कॅसेट घरात नव्हती. वरच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते न बघता मी हाताला लागेल ती घातली. अजय जडेजानं शेवटच्या षटकांत वकार युनूसला धुतला, २५ चेंडूंत ४५. व्यंकटेश प्रसादनं आमिर सोहेलचा त्रिफळा उडवला. सगळं छान उतरलं. पुढच्या महिन्यात अक्का माहेराला आली, तिच्या जावेला लग्न दाखवायचं म्हणून कॅसेट लावली. वरात, मानपान, अक्षता, जेवणाच्या पंगती... आणि पाठवणीला अक्का मायच्या गळ्यात पडणार, तेवढ्यात जडेजा.

अक्का रडली नाही, काही बोललीही नाही. जाऊबाई हसल्या, ते जास्त लागलं. माय मला त्या दिवशी काय म्हणाली ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

नंतर शूटिंगवाल्यानं सांगितलं की कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची एक बारकी टॅब असते. ती मोडून टाकली की मशीन त्यावर काही उतरवूच शकत नाही. पुन्हा उतरवायचं असलं तर त्या खळग्यावर सेलोटेप चिकटवायची. मायनं त्याच संध्याकाळी सांडशी घेतली आणि घरातल्या झाडून सगळ्या कॅसेटच्या टॅब मोडल्या. हिंदी पिक्चरच्याही. सगळ्या टॅबांचा वाटीभर ढीग झाला होता.

तर डबा आणण्यामागं हे होतं. बोलून दाखवलं नाही कुणी.

झी मराठीवर तेव्हा ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ चालू होतं. ती पाच लेकरं घरोघरची झाली होती. आमच्याकडं दुकानात साखर मागताना लोक आदल्या रात्रीच्या गाण्यावर बोलायचे. २००९ च्या फेब्रुवारीत कार्तिकी गायकवाड जिंकली. मायनं डिसेंबरपासून शेवटच्या रात्रीपर्यंतचे मिळतील तेवढे भाग डब्यात भरले आणि प्रत्येकावर ‘ठेवा’ची खूण करून टाकली. ती खूण केली की जागा कमी पडली तरी डबा ते पुसत नाही. का, तर “अक्का दिवाळीला यील तवा बगंल.”

डबा काही गोदाम नव्हता, चाळीस-पंचेचाळीस तासांत भरायचा. मार्च उजाडला तेव्हा त्यात जागा उरली नव्हती. अण्णांना क्रिकेट ठेवायचं असायचं, माय एकही भाग पुसू द्यायची नाही. “या घरात क्रिकेटनं एकदा जागा खाल्लीय,” एवढं बोलली की अण्णा गप्प व्हायचे आणि मी बाहेर जायचो.

याच काळात न्यू जर्सीतला माझा चुलतभाऊ सुट्टीवर आला. डबा बघून म्हणाला, आमच्याकडं हे १९९९ पासून आहे, टिवो म्हणतात. लोक ‘रेकॉर्ड केलं’ म्हणायच्या ऐवजी ‘टिवो केलं’ म्हणतात. सुरुवातीला डब्याच्या किमतीशिवाय महिन्याला ९ डॉलर ९५ सेंट, किंवा एकदाच १९९ डॉलर भरले की लाइफटाइम. अण्णांनी चष्मा वर केला. “लाइफटाइम म्हंजे कुणाचं? आपलं का डब्याचं?” डब्याचं, तो म्हणाला. अण्णा म्हणाले, मग ते म्हातारपणी घेण्याजोगं न्हाई.

त्या टिवोनं २०२५ च्या ऑक्टोबरात डबे विकणं बंद केलं. बातमी वाचली आणि मला अण्णांचा तो प्रश्न आठवला. आपल्या मराठवाड्याचा व्हिडिओकॉन, तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावचा, ज्याच्या टीव्हीवर आमच्या गल्लीनं रंग पहिल्यांदा पाहिला, त्याचं डीटीएचही २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झालं. २०१९ मध्ये ट्रायचे नवे नियम आले, १३० रुपये अधिक कर आणि वर आवडीच्या चॅनेलचे वेगळे पैसे. अण्णा वही घेऊन बसले आणि बेरीज जमेना म्हणून वैतागून उठले. पुढं सगळं फोनवर आलं आणि साठवायची गरजच उरली नाही.

एक गंमत राहिली. २ एप्रिल २०११, वर्ल्ड कपची फायनल. दुसऱ्या डावात अण्णांनी डबा थांबवला आणि जेवून, हात धुऊन, पान लावून आले. तिथून सगळं दहा-बारा मिनिटं मागं. आमच्याकडं धोनी अजून एकेक धाव चोरत होता आणि बाहेर, केबलवाल्या घरांत, फटाके फुटायला लागले. “कुणाची वरात हाय का काय?” अण्णा म्हणाले. तो षटकार आम्ही बघितला, पण गल्लीनं आधीच वाजवून टाकलेला.

तर २००९ ची दिवाळी. अक्का आली. फराळ झाला, भाऊबीज झाली, दुपारी माय तिला घेऊन टीव्हीपुढं बसली. त्या दिवशी लाईट होती. अक्का लक्ष देऊन बघत होती, गाणं संपलं की “अगं बाई!” म्हणत होती, मध्येच “कोण जिंकलं, सांगू नको हं” म्हणाली. तीन दिवस दोघी बसत होत्या. चौथ्या दिवशी बसस्टँडवर तिला सोडायला गेलो तेव्हा मी विचारलं, तिकडं पुण्यात, सासरी बघितलं नव्हतंस?

“सगळं बघितलं होतं रे. शेवटचा तर दोनदा.”

नंतर वर्षभरानं एकदा मायही सहज बोलून गेली की अक्कानं आधी बघितलंय हे तिला पहिल्या गाण्यालाच कळलं होतं. “गाणं लागायच्या आदी ती गुणगुणायली की.”

डबा आता जोडणीविना पडून आहे. त्यातलं काही दुसऱ्या यंत्रावर दिसत नाही, त्याला कुलूप असतं आणि किल्ली कंपनीकडं. तरी परवा अक्काच्या पोरानं, माझ्या भाच्यानं, स्क्रू काढून आतली डिस्क लॅपटॉपला लावून बघितली. लॅपटॉपनं ती ओळखलीच नाही. फॉरमॅट करू का, एवढंच विचारलं. भाच्याचं बोट बटणावर.

“थांब,” माय म्हणाली. “त्याची टॅब मोडलीय का बग आदी.”

“आज्जी, याला टॅब नसते.”

“मग काढ ती वायर.”

डिस्क तिनं पदरानं पुसली आणि कपाटात, जडेजाच्या कॅसेटशेजारी ठेवली.