तीनशेवर भागवायचं
ताडोब्याला जायचं ठरल्यापासून डोक्यात लेन्सच घोळतेय. १५०-६०० मिमी हवीशी वाटते. पण वजन दोन किलोच्या आसपास आणि किंमत खिशाबाहेर. त्यापेक्षा जुनी ७०-३०० बरी. माझ्या क्रॉप सेन्सरवर ३०० मिमीला ४५० इतकी चौकट मिळते; भिगवणला होडीतून रोहित पक्षी टिपायला तेवढं पुष्कळ. खरी अडचण उजेडाची. पहाटेच्या सफारीत एफ ५.६ वर आयएसओ ३२०० पर्यंत चढवावा लागतो. दाणे दिसतात? दिसू देत, हललेल्या वाघापेक्षा दाणेदार वाघ बरा! स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, पळतं हरीण नाही. देवळांच्या अंधाऱ्या सभामंडपांसाठी ३५ मिमी एफ १.८ पुरेल. सेकंडहँड घेताना आत टॉर्च मारून बुरशी बघायची. लेन्स कोकणातून आलेली असेल तर दोनदा.