पहिला चरण कोणाचा?

आमच्या उत्रोलीत माझ्या बालपणी पहाटे जाते सुरू होई, तेव्हा खुंट्यावर आई आणि चुलती अशा दोघींचे हात असत. एकीने जात्यात वैरण घालीत ओवीचा पहिला चरण म्हणावा. दुसरीने तो उचलावा, त्यात आपल्या माहेरचे नाव गुंफावे आणि ओवी पुढे न्यावी. ओवी कोणाची, हे कोणी विचारीत नसे. कारण दोघी समोरासमोर बसलेल्या असत.

हीच रीत आज मोबाइलच्या पडद्यावर नव्या वेषात दिसते. छत्रपती संभाजीनगरचे यशराज मुखाते यांनी ऑगस्ट २०२० मध्ये 'साथ निभाना साथिया' या हिंदी मालिकेतील एका संवादाला चाल लावली. लगेच कोणी त्या चालीवर नाचले, कोणी ती वाद्यावर वाजविली. एकाची चित्रफीत दुसऱ्याच्या हाती जाऊन निराळीच झाली.

परंतु येथे पहिला कलावंत दूर असतो. त्याचे नाव गळाले, तर त्याचे श्रमही विसरले जातात. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि त्यांबरोबर गाणाऱ्या स्त्रियांची नावेही जपली. त्यामुळे त्या माउल्या अनामिक राहिल्या नाहीत.

मुलांनो, दुसऱ्याच्या कृतीत आपली भर अवश्य घाला. मात्र पहिला चरण कोणाचा, हे आवर्जून सांगा.