चौकट केवढी, चित्र केवढं?

मुलांनो, एक पट्टी घ्या आणि घरातल्या चौकटी मोजायला लागा. आरशाची, खिडकीची, कॅलेंडरची, टीव्हीची. किती सेंटीमीटर भरले याला महत्त्व नाही. लांबी आणि उंची यांचं आपसातलं नातं काय, ते शोधायचं. आपल्या तिरंग्याचंच पाहा ना. शाळेवरचा मोठा असो की टेबलावरचा छोटा, लांबी ३ भाग तर रुंदी २ भाग. गणिताच्या पुस्तकात या नात्याला गुणोत्तर म्हणतात. "सर, याचा उपयोग काय जी?" असं आमच्या वर्गात कुणीतरी विचारतंच. उपयोग सांगतो, पण त्यासाठी आधी सिनेमाकडे जावं लागेल.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा चित्रपटाची चौकट साधारण ४:३ अशी असायची. म्हणजे ४ भाग रुंद, ३ भाग उंच. पुढे टीव्ही आला, त्यानंही हाच आकार उचलला. ते जवळजवळ चौरस दिसणारे जाडजूड डबे आठवतात का, हे आईबाबांना विचारा. नक्की आठवतील.

अमेरिकेत लोक घरीच टीव्ही पाहत बसू लागले, तशी थिएटरं ओस पडायला लागली. मग सिनेमावाल्यांनी शक्कल लढवली. पडदाच रुंद करायचा! १९५३ मध्ये 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. गंमत अशी, की फिल्मची पट्टी जुन्याच रुंदीची. कॅमेऱ्याचं खास भिंग रुंद दृश्य दोन्ही बाजूंनी दाबून पट्टीवर बसवायचं आणि थिएटरातलं दुसरं भिंग ते पुन्हा पसरवायचं. पट्टीवर माणसं काडीसारखी, पडद्यावर मात्र अगदी धडधाकट! आपल्या देशात १९५९ साली गुरुदत्त यांनी 'कागज के फूल' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट काढला. त्याचं छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचं.

आता सिनेमा रुंद आणि टीव्ही अरुंद. मग टीव्हीवर एक तर वर-खाली काळे पट्टे यायचे, नाहीतर कडेची माणसं कापली जायची. १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्यानं वेगवेगळ्या गुणोत्तरांचे, पण सारख्याच क्षेत्रफळाचे आयत एकावर एक ठेवून पाहिले. सगळ्यांना जमेल असा मधला आकार निघाला १६:९. नीट बघा बरं, ४ चा वर्ग १६ आणि ३ चा वर्ग ९! आजचे टीव्ही याच मापाचे असतात आणि मोबाइलचं शूटिंगही बहुधा याच मापाचं होतं.

हे गणित आमच्या शाळेत एकदा भलत्याच वेळी कामाला आलं. शाळेत भिंतीवरचा रुंद टीव्ही आला, तेव्हा कपाटातून २००६ सालच्या स्नेहसंमेलनाची सीडी निघाली. लावली. डोक्यावर घागरी घेतलेल्या मुलींचा नाच सुरू झाला आणि वर्ग खो खो हसू लागला. सगळ्या मुली बुटक्या, गालफुग्या! घागरी तर आडव्या भोपळ्यासारख्या. त्या नाचात दुसरीतल्या एका मुलाची आई होती. ती तेव्हा चौथीत होती. एकानं तिच्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं आणि तो मुलगा ताडकन उभा राहिला. "सर, माही माय एवढी जाडी नव्हती जी!" डोळे पाण्यानं भरलेले. त्याच्या घरी आईचा लहानपणीचा एकही फोटो नाही, हे मला माहीत होतं. हेच काय ते चित्र, आणि तेही असं!

मी टीव्ही थांबवला आणि खडू हातात घेतला. फळ्यावर १६ भाग रुंद, ९ भाग उंच असा आयत काढला. जुनं चित्र ४:३ चं. ९ भाग उंचीला त्याची रुंदी किती हवी? चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बारा." शाब्बास! टीव्हीनं ते १२ भागांचं चित्र १६ भागांत ताणलं होतं. प्रत्येक जण एक-तृतीयांशानं रुंद झाला होता.

मग रिमोटवर पडद्याच्या मापाची यादी काढली. आधी 'झूम' करून पाहिलं. चेहरे सुधारले, पण १२ भाग उंच चित्रातले ९ च भाग दिसले, पाव चित्र गायब. वरून घागरी कापल्या, खालून पाय. नाचात पायच नाहीत, तर पाहायचं काय? शेवटी ४:३ निवडलं. दोन्ही बाजूंना दोन-दोन भागांचे काळे पट्टे आले आणि मधोमध शेलाट्या मुली ठेक्यात नाचू लागल्या. "टीव्ही वाया जाते जी," एक जण कुरकुरला. दुसरीतला तो मुलगा काही बोलला नाही. नाच संपल्यावर एवढंच म्हणाला, "सर, पुन्हा लावा."

पुन्हा लावला. या वेळी कुणी हसलं नाही.

म्हणून मुलांनो, शूटिंग करताना चौकटीचा विचार आधी करा. रांगेनं नाचणारी मुलं टिपायची असतील, तर मोबाइल आडवा धरा. उभा धरला तर त्या चित्राला टीव्हीच्या १६ भागांतले जेमतेम ५ भाग मिळतात. सगळी रांग मावावी म्हणून खूप मागं सरकलात, तर चेहरे मुंगीएवढे होतात. जुन्या टेपच्या डिजिटल कॅमेऱ्यात 'वाइड'चं बटण असेल, तर आधी मिनिटभर शूटिंग करून टीव्हीवर पाहा. काही कॅमेरे खरोखर रुंद चित्र घेत नाहीत, नुसते वर-खाली काळे पट्टे मारतात. आणि टीव्हीवर गोल वस्तू लांबट दिसली, की समजा, माप चुकलंय. बांगडी, चाक, घागर यांच्यासारखे साक्षीदार नाहीत!

आता एक उपक्रम. दोन पुठ्ठे घ्या. एकात ८ सेंमी रुंद आणि ६ सेंमी उंच खिडकी कापा, दुसऱ्यात १६ सेंमी रुंद आणि ९ सेंमी उंच. त्यांतून आपलं गाव पाहा. आमच्या वरठीत 'भंडारा रोड' स्टेशन आहे. तिथून जाणारी लांबलचक मालगाडी कोणत्या खिडकीत शोभते? मोहाचं झाड कोणत्या? आणि आपल्या वर्गाची रांग, अगदी कडेला उभ्या असलेल्या मुलासकट, कोणत्या खिडकीत मावते? ते नक्की बघा. कडेच्या मुलाच्या घरचेही ते चित्र पाहणार असतात.